काटा लाल पट्ट्यात गेला तर?

गाडी नवी कोरी, पहिला हप्ताही अजून गेलेला नाही, आणि आमचा एक मित्र रात्री साडेअकराला फोनवर विचारतो, ‘इंजिन गेलं का रे माझं?’ एक्स्प्रेसवेवर ओव्हरटेक करताना पाचव्यातून चौथा टाकायचा होता, पडला दुसरा. इंजिन किंचाळलं, त्याने लगेच क्लच दाबला. तेवढं बरं केलं!

मी आधी एकच विचारलं, गिअर चुकला की नुसती रेस जास्त झाली? कारण फरक तिथेच आहे. न्यूट्रलमध्ये चुकून पाय जोरात पडला, तर आजच्या गाडीचा कॉम्प्युटर मर्यादेला इंधन तोडतो. बिनधास्त राहा. (थंड इंजिनाला मात्र असलं काही करू नका.) पण खालचा गिअर पडला की चाकंच इंजिनाला फिरवतात. तिथे इंधन तोडून काय उपयोग? ताशी 100 ला पाचव्यात 3 हजार आरपीएमच्या आसपास फिरणारी छोटी हॅचबॅक दुसऱ्यात 7 हजार ओलांडते. मग व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा मागे पडतात, व्हॉल्व्ह वेळेवर मिटत नाही आणि पिस्टन त्याच्यावर आदळू शकतो. व्हॉल्व्ह वाकला की हेड उघडायचं. खर्च विचारूच नका!

आयडलला थरथर, टकटक, मिसिंग किंवा चेक इंजिनचा दिवा, यातलं काही असेल तर गाडी टो करूनच न्या. मित्राच्या गाडीत यातलं काही नव्हतं. तरी त्याला कॉम्प्रेशन टेस्ट करायला लावली. सगळ्या सिलिंडरचे आकडे जवळपास सारखे आले, तेव्हा कुठे तो झोपला.

आणि हो, मेकॅनिकला खरं काय ते सांगा. काही गाड्यांचा कॉम्प्युटर ओव्हर-रेव्हची नोंदसुद्धा ठेवतो.