सांडपाणी उदंचन केंद्राची रचना

सांडपाणी उदंचन केंद्र म्हणजे सखल भागात जमा होणारे सांडपाणी पंपांच्या साहाय्याने उंचावरील मलवाहिनीत किंवा प्रक्रिया केंद्रात पोहोचवणारी व्यवस्था होय. मलवाहिन्या उताराने वाहतात. त्यामुळे सपाट किंवा समुद्रालगतच्या शहरांत त्या उत्तरोत्तर खोल जातात आणि कुठेतरी पाणी उचलावेच लागते. लंडनमधील जोसेफ बॅझलजेट यांच्या योजनेतील क्रॉसनेसचे वाफेवर चालणारे केंद्र १८६५ मध्ये सुरू झाले. मुंबईत वरळीचे लव्हग्रोव्ह केंद्र याच प्रकारचे आहे.

अशा केंद्रांतील बहुतेक दोषांचे मूळ एकच असते. आराखडा पुढील २५-३० वर्षांच्या कमाल प्रवाहासाठी केला जातो. केंद्राला मात्र पहिल्या दिवसापासून मध्यरात्रीच्या किमान प्रवाहावरही चालावे लागते.

संकलन विहीर

येणारे पाणी प्रथम संकलन विहिरीत साठते. ठरावीक पातळीला पंप सुरू होतो व खालच्या पातळीला बंद पडतो. या दोन पातळ्यांमधील साठा फार कमी ठेवल्यास पंप वारंवार सुरू होतो आणि मोटर तापते. येणारा प्रवाह पंपाच्या विसर्गाच्या निम्मा असताना ही वारंवारता सर्वाधिक असते. त्यावरून पुढील सूत्र मिळते :

किमान साठा = (दोन सुरुवातींमधील काळ × पंपाचा विसर्ग) ÷ ४

पंपाचा विसर्ग सेकंदाला ४० लिटर, म्हणजे मिनिटाला २,४०० लिटर असेल आणि तासाला सहाच सुरुवाती चालणार असतील, तर दोन सुरुवातींत १० मिनिटांचे अंतर हवे. म्हणून ६,००० लिटर साठा लागतो.

सुरक्षिततेच्या नावाखाली हाच साठा ४०,००० लिटर ठेवला, तर सेकंदाला ४ लिटर येणाऱ्या रात्रीच्या प्रवाहाने तो भरायला सुमारे पावणेतीन तास लागतात. तोवर गाळ बसतो, प्राणवायू संपून पाणी कुजते व हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. मोठी विहीर अधिक सुरक्षित, हा समज म्हणूनच चुकीचा आहे. विहिरीचा तळ सपाट असल्यास कोपऱ्यांत गाळ साचतो, त्यामुळे तो पंपाकडे तीव्र उताराचा ठेवतात. येणारे पाणी उंचावरून थेट पंपाजवळ पडू दिल्यास हवेचे बुडबुडे पंपात शिरतात.

पंप व ऊर्ध्ववाहिनी

घर्षणाचा अंदाज वाढवून वर आणखी काही मीटर ‘राखीव’ शीर्ष धरण्याची सवय महागात पडते. प्रत्यक्ष विरोध कमी असल्याने पंप अपेक्षेपेक्षा जास्त विसर्ग देतो. त्याने कॅव्हिटेशन होऊन पंखा झिजतो, शिवाय मोटरवर अतिभार येऊ शकतो. कापड, प्लास्टिक व सॅनिटरी पॅड पंपात अडकतात, म्हणून केवळ कार्यक्षमता पाहून अरुंद मार्गाचा पंप निवडणेही अयोग्य ठरते.

पंपापासून पुढे जाणाऱ्या दाबाच्या नळाला ऊर्ध्ववाहिनी म्हणतात. वरील ४० लिटरच्या प्रवाहाचा वेग २०० मिलिमीटर व्यासाच्या नळात सेकंदाला सुमारे १.२७ मीटर असतो; ३०० मिलिमीटरच्या नळात तो ०.५७ मीटरवर येतो आणि वाळू तळाशी बसू लागते. मोठ्या नळाने वीज वाचते हे खरे, पण नळ तुंबल्यावर ती बचत उरत नाही.

वीज अचानक गेल्यास जलाघात होतो. धातूच्या नळात वेगातील एक मीटर प्रतिसेकंद बदल जवळपास १०० मीटर पाण्याच्या उंचीइतका दाब निर्माण करू शकतो. वाहिनीच्या उंच बिंदूंवर हवेच्या झडपा नसतील तर अडकलेली हवा प्रवाह रोखते. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह विहिरीतच बसवल्यास प्रत्येक दुरुस्तीसाठी माणसाला आत उतरावे लागते. त्यासाठी स्वतंत्र झडप-कक्ष बांधतात.

वीजपुरवठा व पूर

केंद्र सखल जागी असल्याने विद्युत फलक पूरपातळीच्या वर असावा लागतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. अशा दिवशी पंपांची गरज सर्वाधिक असते आणि वीज जाण्याचा संभवही. जनित्र तळघरात ठेवणे ही त्यामुळे गंभीर चूक होय.

कामगारांची सुरक्षितता

हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो व तळाशी साचतो. त्याचे प्रमाण वाढल्यावर घ्राणशक्ती बधिर होते, त्यामुळे वास येत नाही म्हणजे धोका नाही असे समजणे जीवघेणे ठरते. भारतात २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांविना गटारांची धोकादायक सफाई करून घेण्यास मनाई आहे. तरीही ज्या केंद्राची जाळी केवळ आत उतरूनच साफ करता येते, ते केंद्र कागदावरच हा धोका आखून ठेवते. मार्गदर्शक दांड्यांवर बसवलेला पाणबुडी पंप साखळीने वरूनच उचलता येतो. त्यासाठी झाकण पंपाहून मोठे, थेट त्याच्या वर असावे लागते आणि क्रेनची गाडी तिथवर पोहोचेल असा रस्ता लागतो.