कलदार आणि हाली : वारशातल्या रुपयाची पारख

हिंगोली जिल्ह्यातल्या जुन्या घरांत चांदीचे रुपये दोन प्रकारचे निघतात. एकावर इंग्लंडच्या राणीचा किंवा राजाचा चेहरा असतो, तो कलदार. दुसऱ्यावर बहुधा चारमिनार असतो, तो निजामाचा हाली रुपया. लक्ष्मीपूजनाला दोन्ही एकाच ताम्हनात ठेवले जातात आणि मोडायची वेळ आली की एकाच तराजूत पडतात. नुकसान होते ते तिथे. हाली रुपया कलदारापेक्षा हलका भरतो, त्याच्या चांदीचा कसही कमी लागतो. मग कुणीतरी ‘यात भेसळ आहे’ म्हणून सांगतो आणि घरचे लोक आजोबांचा रुपया मोडीच्या भावाने देऊन टाकतात. तो रुपया खोटा नसतो, त्याला मापच चुकीचे लावलेले असते. प्रत्येक नाण्याची पारख त्याच्या स्वतःच्या मापाने व्हावी, एवढेच या लेखात सांगायचे आहे.

सीमेवरचा मुलूख

परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. त्याआधीचा इतिहास मात्र निजामी राजवटीचा. ती १७ सप्टेंबर १९४८ रोजी संपली. उत्तरेला वाशीम आणि पुसदकडचा वऱ्हाडी मुलूख १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली होता. तिकडे कलदार चाले, इकडे हाली. बाजाराला, सोयरिकीला सीमेपलीकडे जाणाऱ्या माणसाला दोन्ही रुपयांशी व्यवहार करावा लागे. हिंगोलीत हैदराबाद कंटिन्जंटची छावणीही होती. ही फौज १९०३ मध्ये इंग्रजांच्या हिंदी सैन्यात विलीन झाली. त्यामुळे या भागातल्या एकाच गाठोड्यात दोन राज्यांचे पैसे निघाले तर नवल नाही.

दोन्हींच्या बदल्याचा दर ठरलेला होता. शंभर कलदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, म्हणजे सहा कलदारांना सात हाली. हा दर चांदीतच दिसतो. कलदाराचे वजन १८० ग्रेन, म्हणजे एक तोळा, ११.६६ ग्रॅम. त्यात बारापैकी अकरा भाग चांदी, सुमारे १०.७ ग्रॅम. हाली रुपयाचे वजन सुमारे ११.१८ ग्रॅम आणि कस ८१.८ टक्के, म्हणजे चांदी सुमारे ९.१ ग्रॅम. या दोन आकड्यांचे प्रमाण सात-सहाच्या अगदी जवळ येते. हलका रुपया लबाडीने हलका नव्हता, त्याचे मूल्यही तसेच धरलेले होते. भारतीय रुपया आल्यावर काही वर्षे दोन्ही चलने सोबत चालली आणि १९५९ मध्ये हाली व्यवहारातून कायमचा गेला.

हाली रुपया वाचताना

चारमिनारचे यंत्रावर पाडलेले रुपये १९०३ च्या सुमारास, सहावे निजाम महबूब अली खान यांच्या काळात सुरू झाले. चारमिनारच्या कमानीत भिंग लावून पाहावे. तिथे फारसी ‘मीम’ असेल तर नाणे महबूब अलींचे, ‘ऐन’ असेल तर १९११ मध्ये गादीवर आलेल्या उस्मान अली खान यांचे. सन हिजरी असते. हिजरी आकड्याला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवले की इसवी सन जवळपास कळते. १३२१ म्हणजे १९०३, १३३० म्हणजे १९१२. एक सावधगिरी हवी. फारसी अंकांत शून्य हा नुसता ठिपका असतो आणि पाच गोलाकार असतो. सवयीने आपण पाचाला शून्य वाचतो आणि सन चुकवतो. गावात उर्दू शिकलेली म्हातारी माणसे अजून आहेत. त्यांच्याकडून नाणे वाचून घ्यावे.

चारमिनारच्या आधीचे बहुतेक हाली रुपये हाताने, हातोड्याच्या घावाने पाडलेले. ते जाड आणि वेडेवाकडे असतात. ठसा चकतीपेक्षा मोठा असल्याने अक्षरे अर्धवट उमटतात. हे दोष नव्हेत, ती त्या घडणीची खूण आहे. त्यांच्यावरचे बारीक टोचे आणि फुल्या बहुधा सराफांच्या असतात. त्या काळी नाणे पारखून सराफ स्वतःची खूण उठवत असे, म्हणून अशी खूण खरेपणाच्या बाजूने साक्ष देते.

कलदारांची वर्षे

एकसारखा कंपनी रुपया १८३५ पासून निघू लागला. व्हिक्टोरियाच्या नाण्यांवर १८७७ पासून ‘राणी’ऐवजी ‘सम्राज्ञी’ आले. १८६२ सन असलेले रुपये पुढे दहाएक वर्षे त्याच सनाने पाडले गेले, म्हणून ते भरपूर सापडतात. १९११ च्या पंचम जॉर्जच्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी तक्रार झाली आणि १९१२ मध्ये तो ठसा सुधारला. मुंबई टांकसाळीच्या पंचम जॉर्ज रुपयावर मागच्या बाजूला, खालच्या कमळापाशी बारीक ठिपका असतो. कलकत्त्याच्या रुपयावर तो नसतो.

१९४० पासून कलदारातली चांदी निम्म्यावर आली. युद्धाच्या त्याच काळात निजामाच्या रुपयातही तसेच झाले. १९४७ चा इंग्रजी रुपया तर चक्क निकेलचा. १९३९ चा जुन्या कसाचा रुपया दुर्मीळ असल्याने त्याची बनावट नाणी फार. कुठे शेजारच्या वर्षाच्या नाण्याचा आकडा कोरून बदलतात, कुठे अख्खे नाणेच ओततात. कुणी असा रुपया दाखवला तर आधी आकड्याभोवती भिंग फिरवावे आणि मग चांदी तपासावी.

वजन, पाणी आणि लोहचुंबक

घरी करण्याजोग्या तीन कसोट्या आहेत. पहिली वजनाची. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा वजनकाटा आता सहज मिळतो. फार वापरलेले नाणे काही दशांश ग्रॅम कमी भरते, पण त्याच आकाराचे जर्मन सिल्व्हरचे (चांदी नसलेल्या, तांबे-निकेल-जस्ताच्या मिश्रधातूचे) बनावट नाणे १० ग्रॅमच्याही आत उतरते.

दुसरी कसोटी पाण्याची. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणावा. मग नाणे बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल, पण तळाला टेकणार नाही, असे धरावे. काटा जितके ग्रॅम दाखवील तितके घनसेंटिमीटर नाण्याचे आकारमान. कोरड्या वजनाला त्याने भागले की घनता मिळते. जुन्या कलदाराची सुमारे १०.३, हालीची १०.२ च्या आसपास, निम्म्या चांदीच्या रुपयाची साडेनऊ. तांबे नऊच्या किंचित खाली, जर्मन सिल्व्हर त्याहून थोडे कमी.

तिसरी लोहचुंबकाची. चांदी चुंबकाला चिकटत नाही, म्हणून चिकटलेला ‘व्हिक्टोरिया रुपया’ खोटाच. मात्र १९४७ चा निकेल रुपया चिकटतो, आणि तो खरा असतो.

आवाजाची पारख जुनी आहे, पण एकट्या आवाजावर निकाल देऊ नये. बारीक तडा गेलेला खरा रुपयाही बद्द वाजतो. सराफाची कसोटी दगडावरची असते; नाण्यावर ओरखडा पडतो. हॉलमार्क केंद्रातले यंत्र ओरखडा न पाडता धातू सांगते, पण फक्त वरच्या थराचा. म्हणून जाड मुलाम्याच्या नाण्याला घनतेची जोड हवी.

ओतीव बनावटीत अक्षरांच्या कडा बोथट असतात, सपाट भागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसतात आणि कडेवर साच्याची जोडरेघ सापडते. राम, सीता किंवा हनुमान असलेले ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’चे तुकडे कंपनीने कधीच पाडले नव्हते. देवघरात त्यांची पूजा खुशाल व्हावी, पण लाखांचा भाव ऐकून कुणी फसू नये.

झीज, कडी आणि राखुंडी

झीज उंच भागापासून सुरू होते: व्हिक्टोरियाचे केस आणि गाल, सातव्या एडवर्डचा कान व दाढी, पंचम जॉर्जच्या झग्यावरचा हत्ती, हालीवर मिनारांच्या रेघा. ही ठिकाणे ठसठशीत असतील तर नाणे उत्तम अवस्थेतले.

बंजारा तांड्यांत आणि गावातल्या अनेक घरांत रुपयांना कडी झाळून माळा केल्या गेल्या. झाळलेल्या नाण्याची संग्राहकाच्या लेखी किंमत घटते, कडी तोडून तर आणखीच घटते. ती माळ अखंड ठेवावी. ती अंगावर वागवणाऱ्या बाईचा इतिहास त्या झाळीतच आहे.

सर्वांत मोठा अपाय दिवाळीच्या साफसफाईत होतो. चिंच, राखुंडी, टूथपेस्ट, भांड्यांची पावडर यांनी नाणे चकाकते, पण वरचा थर आणि बारीक रेघा जातात. काळपट छटा ही चांदीवर गंधकाने आलेली नैसर्गिक साय आहे. धूळ साध्या पाण्याने धुवावी, मऊ कापडाने टिपावी, घासू नये. प्लास्टिकच्या पिशव्यांऐवजी कागदी पाकिटे वापरावीत.

कायदा आणि कागद

वारशाची नाणी बाळगायला बंदी नाही. शेतात नांगराला लागलेला हंडा मात्र वेगळी गोष्ट. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावेच लागते. शंभर वर्षांपूर्वीची नाणी १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरतात; ती परवानगीशिवाय परदेशी पाठवता येत नाहीत. शंका उरली तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे; तिथल्या अभ्यासकांचे मत मोडीच्या दुकानापेक्षा मोलाचे.

आणि एक काम प्रत्येक घराने करावे. प्रत्येक नाण्यासोबत कागदाची चिठ्ठी ठेवावी: कोणाकडून आले, कोणत्या गावचे, वजन किती, सन कोणता. बहुतेक कलदार आणि हाली बाजारात चांदीच्या भावापेक्षा फार वर जात नाहीत. सीमेवरच्या पैनगंगेपलीकडून कोणता रुपया कोणत्या कामासाठी आला, हे मात्र कुठलाही वजनकाटा सांगणार नाही. ते फक्त ज्येष्ठांना ठाऊक आहे. या दिवाळीत त्यांच्याजवळ बसून ते लिहून घ्यावे.