खेळ का अडखळतो?

ऑनलाइन खेळांचा विषय निघाला की वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. खेळावे की न खेळावे, हा वाद येथे घालावयाचा नाही. परंतु आपल्यापैकी कित्येकजण संगणकावर खेळतात, खेळ मध्येच अडखळतो आणि मग घरी पैसे मागितले जातात, ही वस्तुस्थिती आहे. कोणी नेटचा महागडा प्लॅन घेतो, कोणी नवे ग्राफिक्स कार्ड आणतो; अडखळणे मात्र जागच्या जागी. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! ज्या घरी ऊसतोडीची उचल वर्षभर पुरवावी लागते, त्या घराला असा बंब परवडत नाही. म्हणून रोग कोठे आहे हे बिनखर्चात कसे ओळखावे, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

रोग दोन, नाव एक

आपण सरसकट ‘लॅग’ म्हणतो, त्यात दोन निराळे रोग असतात. ऑनलाइन खेळाचा खरा हिशेब दूरच्या सर्व्हरवर चालतो. आपण बटण दाबले की निरोप तिकडे जातो आणि निकाल परत येतो. तो येईपर्यंत आपला संगणक अंदाजाने चित्र पुढे सरकवतो. १९९६ साली ‘क्वेकवर्ल्ड’ या खेळात ही युक्ती वापरली गेली. निरोपाला उशीर झाला की अंदाज चुकतो आणि खेळाडू झटक्याने मागे ओढला जातो. हा खरा लॅग.

दुसरा रोग संगणकाचा. पडद्यावर सेकंदाला ६० चित्रे हवी असतील, तर एका चित्राच्या वाट्याला जेमतेम १७ मिलिसेकंद येतात. एखाद्या चित्राला १०० लागले की डोळ्याला हिसका बसतो. याचा नेटशी काही संबंध नाही.

बहुतेक खेळांच्या सेटिंगमध्ये पिंग आणि एफपीएस हे दोन आकडे पडद्यावर ठेवण्याची सोय असते. खेळ अडखळताच पिंग उसळला तर दोष नेटकडे. एफपीएस कोसळला तर दोष संगणकाकडे.

वाट लांब की रांग लांब?

निरोप जाऊन परत येण्यास लागणारा वेळ म्हणजे पिंग. १९८३ साली माइक म्यूस या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने लिहिलेल्या छोट्या प्रोग्रामचे हे नाव. काचतंतूतून प्रकाश १ मिलिसेकंदात सुमारे २०० किलोमीटर जातो. बीडहून मुंबई सुमारे ४०० किलोमीटर. म्हणजे येण्याजाण्याचे केवळ ४ मिलिसेकंद. सिंगापूर सरळ रेषेतही साडेतीन हजार किलोमीटरांहून दूर. तेथे कोणताही प्लॅन घेतला तरी ३५ च्या खाली उतरणे नाही. तेव्हा ज्या खेळाचा सर्व्हर मुंबईत आहे, तेथे सेटिंगमध्ये मुंबईच निवडावी.

मुंबई निवडूनही पिंग १५० दाखवीत असेल, तर दोष अंतराचा नव्हे, रांगेचा. गळीत हंगामात साखर कारखान्यासमोर पाहा: रस्ता मोकळा असतो, पण काट्यावर उसाच्या गाड्या तुंबलेल्या असतात. घरात कोणी मोठा व्हिडिओ चढवीत असेल, तर राउटरपाशी हेच घडते. खेळाचा चिमुकला निरोप त्या गाड्यांमागे उभा राहतो.

रांग घरात आहे की घराबाहेर, हेही कळते. कमांड प्रॉम्प्टमध्ये प्रथम आपल्या राउटरच्या पत्त्यावर पिंग करावे, नंतर बाहेरच्या एखाद्या पत्त्यावर, उदाहरणार्थ गूगलच्या ८.८.८.८ वर. राउटरचेच उत्तर कधी २, कधी ९० मिलिसेकंदांत येत असेल, तर दोष घरातल्या वायफायचा. आपल्याकडील माळवदांच्या दगडमातीच्या जाड भिंतींतून वायफाय नीट जात नाही. अशा वेळी प्लॅन वाढविण्यापेक्षा एक साधी लॅन केबल अधिक काम करते. राउटरचे उत्तर स्थिर आणि बाहेरचे मात्र डळमळीत असेल, तर ते आकडे वेळेसह लिहून ठेवावेत. नेटवाल्याकडे ‘नेट स्लो आहे’ ही तक्रार वाऱ्यावर जाते. आकड्यांची वही जात नाही.

दोष संगणकात असेल तर

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. तापलेला प्रोसेसर स्वतःला जपण्यासाठी वेग कमी करतो आणि खेळ अडखळू लागतो. पंख्यातील धूळ काढावी, लॅपटॉप गादीवर ठेवू नये, बॅटरीऐवजी चार्जर लावून खेळावे, मागे उघडे राहिलेले ब्राउझर बंद करावेत, चित्रांचा दर्जा एक पायरी उतरवावा. एवढे करूनही भागले नाही, तरच खर्चाचा विचार.

मात्र हे सारे उपाय एकदम करू नयेत. तर्कशास्त्रात जे. एस. मिलची व्यतिरेक पद्धती आहे: बाकी सर्व तसेच ठेवून एकच गोष्ट बदलावी, म्हणजे कारण हाती लागते. १८४३ सालच्या ग्रंथातला हा नियम आजच्या राउटरलाही लागू पडतो. खेळ हे निमित्त झाले. परीक्षेचा फॉर्म भरताना शेवटच्या दिवशी पान उघडत नाही, तेव्हाही प्रश्न हाच असतो: दोष आपल्या घरात, वाटेत की पलीकडे? आधी मोजावे, मग एकेक बदलावे आणि सर्वांत शेवटी वडिलांच्या खिशाकडे पाहावे.