पोट भरलेलं कुत्रं शिकार का करतं?

दिवाळीत मारेगावला मामाकडे गेलो, तर घरात कापसाच्या भावापेक्षा मोत्याचाच विषय जास्त चालू होता. मोत्या म्हणजे मामाचा चार वर्षांचा गावठी कुत्रा. घरातली पोरं त्याच्या अंगावर लोळतात, तरी कधी गुरगुरत नाही. त्याच मोत्यानं शेजाऱ्यांच्या बकरीचं पिल्लू मारलं होतं. खाल्लं नाही, मारून धुऱ्यावर टाकून दिलं आणि घरी येऊन शेपटी हलवत बसला. मामानं नुकसान भरून दिलं. पण शेजाऱ्यांनी सांगून टाकलं, पुन्हा वावरात दिसला तर गाठ आमच्याशी आहे.

"दोन्ही टाइम भाकर खाते, तरी कायले मारते हा?" मामा मला विचारत होता. "त्याले रगताची चटक लागली. आता टिपेश्वरच्या जंगलात नेऊन सोडतो. तू तर जनावरायचंच शिकतं ना, मंग सांग."

मी प्राण्यांच्या वर्तनावर पीएचडी करतो, त्यामुळे पळवाट नव्हती. मामाला जे सांगितलं, तेच जरा नीट मांडतो.

शिकार म्हणजे एक साखळी

शिकार ही एकच कृती आहे असं आपल्याला वाटतं. अभ्यासक तिच्याकडे साखळी म्हणून बघतात. सावज हेरणं, टक लावून बघणं, दबकत जाणं, पाठलाग, पकडणारा चावा, मारणारा चावा, फाडणं आणि शेवटी खाणं. कुत्र्यांच्या बाबतीत ही मांडणी रेमंड आणि लॉर्ना कॉपिंजर या जोडप्यानं लोकांपर्यंत पोचवली. लांडग्यात ही सगळी साखळी शाबूत असते. माणसानं पिढ्यानुपिढ्या निवड करून कुत्र्यांमध्ये तिच्या काही कड्या मोठ्या केल्या, काही दाबल्या. मेंढ्या वळवणारा बॉर्डर कॉली टक लावतो, दबकतो, पळतो, पण त्यानं चावायचं नसतं. आपल्याकडचा लांब पायांचा कारवान पाठलागासाठीच पाळला गेला. गावठी कुत्र्यांमध्ये अशी निवड कुणी केलेली नाही, म्हणून प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. मोत्याची साखळी मारणाऱ्या चाव्यापर्यंत गेली आणि तिथंच थांबली. खाणं ही पुढची, वेगळी कडी.

भूक वेगळी, राग वेगळा

2017 साली येल विद्यापीठाच्या गटानं उंदरांवर केलेला प्रयोग इथं उपयोगी पडतो. मेंदूत अमिग्डाला नावाचा भाग असतो. त्यातल्या ठरावीक चेतापेशी प्रकाशानं चालू केल्या की उंदीर समोरच्या किड्यांवर तर तुटून पडायचेच, पण बाटलीच्या झाकणावरही झडप घालायचे. पिंजऱ्यातल्या दुसऱ्या उंदरावर मात्र हल्ला करत नव्हते. आणखी एक गंमत म्हणजे पाठलागाची वायरिंग वेगळी आणि चाव्याची वेगळी निघाली. चाव्याची वाट बिघडवली, तर उंदीर सावजामागे पळायचे, पण त्याला मारणं त्यांना जमायचं नाही.

उंदीर म्हणजे कुत्रा नव्हे, हे मान्य. पण मोत्याचं कोडं यातून बरंच सुटतं. भुकेनं शिकारीचा जोर वाढू शकतो, पण शिकार सुरू व्हायला भूक लागतेच असं नाही. समोरून काही तरी पळालं, एवढं पुरतं. आणि यात रागही नसतो. रागावलेलं कुत्रं गुरगुरतं, दात दाखवतं. शिकारीच्या मागचं कुत्रं बहुतेक वेळा गप्प असतं, नजर एका जागी खिळलेली. म्हणून बकरीचं पिल्लू मारलं याचा अर्थ मोत्या माणसांवर उलटला असा होत नाही. तरी तान्ह्या बाळाजवळ कुठलंही कुत्रं एकटं सोडू नये, ते कितीही गरीब असो.

मग चटक लागते का?

मामाचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. चटक लागते, पण रक्ताची नाही, पाठलागाची. कुत्र्यासाठी धावणं हेच बक्षीस असतं, म्हणून दर यशस्वी पाठलागाबरोबर सवय पक्की होते. घरी मटण घातल्यानं कुत्रं शिकारी होत नाही आणि भाकर-वरणावर ठेवल्यानं शिकार सुटत नाही. मागाहून मारून तर काहीच हाती लागत नाही. बक्षीस त्याला मिळून गेलेलं असतं, मार कशाचा ते त्याला कळत नाही.

"मंग दुसऱ्या जातीचा आणू का?" हाही प्रश्न आलाच. 18,385 कुत्र्यांवरचा एक मोठा अभ्यास 2022 मध्ये 'सायन्स'मध्ये आला. कुत्र्याकुत्र्यांच्या वागण्यातल्या फरकापैकी जेमतेम 9 टक्के फरक जातीवरून सांगता आला. म्हणजे जात बदलून खात्री मिळत नाही.

जंगलात सोडणं हा उपाय नाही

टिपेश्वरला वाघ आहेत, तेव्हा मोत्याचं काय होईल ते उघड आहे. तो जगलाच तर प्रश्न आणखी मोठा. आबी वनक आणि मॅथ्यू गॉम्पर यांनी सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर काम केलं. तिथली कुत्री मुख्यतः माणसांकडून मिळणाऱ्या अन्नावर जगत होती, तरी त्यांच्या धाकानं खोकड हातचं खाणंही सोडत होती. 2018 मध्ये आलेल्या देशभरच्या पाहणीत कुत्र्यांनी 80 प्रजातींच्या प्राण्यांवर हल्ले केल्याची नोंद झाली. त्यातल्या 31 प्रजाती धोक्यात असलेल्या होत्या. शिवाय रेबीज आणि डिस्टेंपर कुत्र्यांकडून रानातल्या प्राण्यांना लागू शकतात. आणि पाळलेलं जनावर असं टाकून देणं हा 1960 च्या कायद्यानं गुन्हा आहे.

मामाला सांगितलेले उपाय

स्वभाव काढून टाकता येत नाही, संधी काढून घेता येते.

- संध्याकाळपासून सकाळी उन्हं येईपर्यंत मोत्या बांधलेला. वावरात नेताना लांब दोरी.
- गावातल्या कुत्र्यांच्या टोळीबरोबर मोकळा सोडायचा नाही. टोळीत एकानं धाव घेतली की सगळे धावतात.
- हाक मारल्यावर आला की दर वेळी काही तरी आवडीचं खायला. हे आधी अंगणात शिकवायचं, मग वावरात.
- जुनं धोतर दोरीला बांधून रोज थोडा वेळ ओढाताणीचा खेळ. पाठलागाची हौस भागायला जागा हवी.
- पुढचं पिल्लू आणलं तर तीन ते बारा आठवड्यांच्या वयात त्याला बकऱ्यांच्या सहवासात, नजरेखाली ठेवायचं. या वयात ज्यांची ओळख होते, त्यांना ते सहसा सावज समजत नाही.
- रेबीजची लस दरवर्षी, न चुकता.

परवा मामाचा फोन आला होता. महिना झाला, तक्रार नाही. शेजारी अजून नीट बोलत नाहीत, पण काठी घेऊन येतही नाहीत. "काल तुरीतून ससा निघाला," मामा म्हणाला. "मोत्यानं असा हिसका देल्ला, माह्या हाताची सालं निंगाली. पण दोरी काई सोडली नाई मी."

दोरी मामाच्या हातात आहे, तोवर मोत्या घरीच राहील.