अतिदक्षता विभागातली कापसाची काडी

आपल्या धर्मग्रामातले कोणी बेळगाव, हुबळी किंवा बांबोळीला अतिदक्षता विभागात दाखल झाले की घरची माणसे हल्ली आम्हांस हटकून विचारतात, "फादर, दुखणे छातीचे. मग नर्सबाईंनी नाकात आणि मागल्या बाजूस कापसाची काडी कशाला फिरवली? आता म्हणतात, जंतू सापडले, वेगळे ठेवतो." विचारण्यात भीती असते, आणि थोडी लाजही. म्हणून या खेपेस त्याविषयी.

अंगावर जंतू असणे निराळे आणि जंतूंमुळे आजारी पडणे निराळे. धडधाकट माणसाच्याही नाकात, कातडीवर, आतड्यात असंख्य जंतू सुखाने नांदतात. त्यांतले काही औषधांना दाद देईनासे झालेले असतात. घरी असेतो ते बहुधा त्रास देत नाहीत. परंतु अतिदक्षता विभागात रोग्याच्या घशात नळी, लघवीच्या वाटेत नळी, मानेच्या शिरेत सुई. जंतूंना आत शिरायला वाटाच वाटा. शेजारच्या खाटेवरचा रोगीही तितकाच दुबळा. या जंतूंचा मुख्य प्रवास होतो तो हातांवरून: डॉक्टरांच्या, नर्सबाईंच्या, आप्तेष्टांच्या.

काडीवरचे जंतू प्रयोगशाळेत अँटिबायोटिक घातलेल्या खाद्यावर वाढवून पाहतात. त्यातही जो वाढला तो दाद न देणारा. याला एक-दोन दिवस लागतात. असा जंतू सापडला म्हणून लगेच औषध सुरू करीत नाहीत. रोग्याची खाट वेगळी करतात, जवळ जाणाऱ्याला हातमोजे व झगा घालायला लावतात. पुढे ताप चढलाच, तर कोणत्या औषधावर वेळ दवडू नये याचा अंदाज डॉक्टरांना आधीच असतो. तेव्हा वेगळी खाट हा कलंक नव्हे. महारोग्याला गावाबाहेर ठेवीत, तशातला हा प्रकार नाही.

सर्वांची अशी तपासणी हवीच का, यावर डॉक्टरमंडळींत वाद आहे. अमेरिकेतील ७४ अतिदक्षता विभागांत झालेला एक प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. तपासून वेगळे ठेवण्यापेक्षा सर्वच रोग्यांचे अंग जंतुनाशकाने पुसणे व नाकात मलम लावणे अधिक गुणकारी ठरले. मुद्दा रास्त आहे. पण तो मुख्यतः नाकातल्या व कातडीवरच्या जंतूंना लागू. आतड्यात दडलेल्यांना असे मलम नाही, आणि आपल्या देशात चिंता जास्त त्यांचीच. २००८ साली दिल्लीत उपचार घेऊन गेलेल्या एका रोग्यात स्वीडनमध्ये असा जंतू आढळला. त्याला दिल्लीचे नाव दिले म्हणून आपल्याकडे केवढा संताप झाला! तेवढा संताप इस्पितळातल्या हात धुण्याच्या नळांविषयी झाला असता तर बरे होते.

शेतकऱ्याचाही येथे संबंध आहे. हॉलंडमध्ये २००४ साली शस्त्रक्रियेपूर्वी एका तान्ह्या मुलीच्या नाकात हट्टी जंतू निघाला. घर डुकरे पाळणाऱ्यांचे होते. पुढे तेथील इस्पितळांनी डुकरे पाळणाऱ्याला दाखल करताना आधी तपासण्याचा नियमच केला, आणि २००९ नंतर गुराढोरांना द्यायची अँटिबायोटिके निम्म्याहून कमी झाली. आपल्याकडे कोंबड्यांच्या खाद्यात कोलिस्टिन घालीत. सारी औषधे हरल्यावर अतिदक्षता विभागात शेवटी काढतात, ते हेच औषध. जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारने जनावरांसाठी त्यावर बंदी घातली. तरी खाद्याच्या पोत्यासोबत कोणी 'वाढीची पुडी' देऊ केली, तर तीत काय आहे ते विचारावे. म्हशीला दगडी झाली असता इंजेक्शन द्यावेच लागते. पण ते गुरांच्या डॉक्टरांच्या सांगण्यावरून, आणि ते सांगतील तितके दिवस दूध डेअरीत घालू नये.

रोग्याला भेटायला एका वेळी एकानेच जावे. आत जाताना व बाहेर पडताना हात धुवावेत, खाटेवर बसू नये, घरची उशी-चादर नेऊ नये. जपमाळ न्यायची तर ती त्याच रोग्याजवळ राहू द्यावी. हातोहात फिरवू नये. आम्हां धर्मगुरूंनाही यातून सूट नाही, कारण एका खाटेवरून दुसरीकडे आमचा अंगठाच जातो. १९८३ च्या धर्मविधानातील १००० वा नियम सांगतो की, तेल स्वतःच्या हातानेच लावावे, मात्र गंभीर कारण असल्यास साधन वापरता येते. तेव्हा आम्ही झगा घालून, कापसाच्या बोळ्याने तेल लावताना दिसलो, तर संस्कार अपुरा झाला असे कोणी मानू नये. तो बोळा नंतर जाळला जातो.