घरच्या घरीं सुतारकाम

आमच्या खानदेशांतील सुशिक्षित घरांत एक चमत्कारिक गोष्ट आढळते. घरांत पदवीधर चार असतात. पण दाराचें बिजागर निखळलें कीं त्या चौघांनीं दाराकडे पाहत उभें राहावें आणि मिस्त्री येईपर्यंत दार तसेंच लोंबत राहावें! पाटाची पट्टी सुटली कीं पाट माळ्यावर जातो, आणि दाबलेल्या भुशाच्या फळ्यांचें सामान बाजारांतून घरांत येतें. हा दोष बुद्धीचा नव्हे, संस्काराचा आहे. हत्यार धरणें हें आपलें काम नव्हे, ही समजूत आपल्या वर्गांत पिढ्यान् पिढ्या मुरलेली आहे.

या समजुतीला शास्त्राचा आधार मात्र नाहीं. वात्स्यायनानें चौसष्ट कलांत तक्षण, म्हणजे सुतारकाम, गणलें आहे. ‘सुतार’ हा शब्दच मुळीं सूत्रधार या शब्दापासून आला. ज्याच्या हातीं सूत्र तो सुतार. आधीं सूत धरून रेघ मारावयाची, मग तिला करवत लावावयाची. म्हणजे विचार पुढें आणि हात मागें. याला अडाण्याचें काम कोण म्हणेल?

परदेशांत हें तत्त्व शाळांनीं केव्हांच उचललें. फिनलंडमध्यें १८६६ सालीं प्राथमिक शिक्षणाच्या कायद्यानें हस्तकामाला स्थान मिळालें. पुढें स्वीडनमध्यें नेस येथें ओटो सालोमन यांनीं जगभरच्या शिक्षकांना लाकूडकाम शिकविलें. सोप्याकडून कठिणाकडे जावें, आणि विद्यार्थ्यानें नुसता नमुना न करतां घरांत उपयोगी पडणारी वस्तु पुरी करावी, असा त्यांचा दंडक होता. आपल्याकडे १९३७ सालीं वर्ध्यास शिक्षणपरिषद भरली, आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनें मूलोद्योगांत सुतारकामाचाही समावेश केला. विनोबांनीं १९३२ सालीं गीतेवर प्रवचनें दिलीं व साने गुरुजींनीं तीं उतरून घेतलीं, तीं तर आमच्या धुळ्याच्या तुरुंगांतच. कर्मांत मन ओतावें, हें त्यांतलें सांगणें आम्हीं किती वेळां वाचलें! आतां तें हातानें करून पाहूं.

प्रथम लाकडाविषयीं. खानदेशांत बाभळीचें लाकूड नांगराला व गाडीला चालतें, अंजन तर त्याहूनही कठीण. पण नवशिक्यानें त्यांच्या वाटेस जाऊं नये. त्यानें जुना साग घ्यावा. जळगांव-धुळ्याकडे जुने वाडे उतरवितात, तेव्हां तुळ्या व फळ्या विकावयास निघतात. असें लाकूड वर्षानुवर्षें वाळलेलें असतें. त्यांत खिळे राहिले नाहींत ना, एवढें मात्र नीट पाहावें. एक खिळा रंध्याच्या पात्याची धार घालवितो.

लाकूड तोडलें म्हणजे मेलें, असें नाहीं. हवेंतील ओल घेऊन तें फुगतें व वाळलें म्हणजे आकसतें. मे महिन्यांत जळगांवास पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. आषाढांत तींच दारें फुगून चौकटींत अडकतात. लक्षांत ठेवण्याची गोष्ट ही कीं, लाकडाची ही हालचाल रुंदींत होते, लांबींत जवळजवळ होत नाहीं. पाट कां तडकतात, याचें उत्तर यांतच आहे. पाटाखालची आडवी पट्टी दोन्ही टोकांना घट्ट जखडली, म्हणजे वरची फळी आकसूं पाहते व पट्टी तिला आकसूं देत नाहीं. मग फळी मधोमध फाटते. म्हणून पट्टी मध्यभागीं पक्की करावी, आणि टोकांकडील स्क्रूंचीं पट्टींतलीं भोकें लांबट ठेवावीं.

हत्यारांची पेटी एकदम विकत घेऊं नये. एक करवत, एक रंधा, अर्ध्या व एक इंचाच्या दोन पटाशा, मोगरी, हातोडी, गुण्या, खतावणी आणि धार लावण्याचा दगड एवढ्यावर वर्षभर काम चालतें. पहिला आठवडा मात्र धार लावण्यांतच घालवावा. पटाशीचा उतार सुमारें २५ अंशांचा असतो. तिची अगदीं टोंकाची धार ३० अंशांच्या कोनांत दगडावर घासावी. पाठीमागें बोटाला बारीक खरखर लागूं लागली, कीं पाठ दगडावर सपाट टेकवून ती खरखर काढून टाकावी. बोथट हत्यार निरुपद्रवी, असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः त्याला जोर लावावा लागतो, तें निसटतें आणि इजा करतें. दुसरा हात धारेच्या पुढें कधींही ठेवूं नये, हा नियम मुलांकडून पाढ्याप्रमाणें पाठ करून घ्यावा.

नंतर एका निरुपयोगी फळीवर गुण्यानें दहा रेघा मारून त्या सरळ कापाव्या. रेघ पुसली जातां कामा नये. करवतीनें तिच्या बाहेरून जावें. हें साधलें म्हणजे समईखालीं ठेवावयाचा नऊ इंचांचा पाट करावा, मग जेवणाचा पाट, आणि वर्षअखेर चौरंग. चौरंगांत कुसूं आणि खोबण यांचा सांधा येतो. कुसवाची जाडी लाकडाच्या जाडीच्या सुमारें एक-तृतीयांश धरावी. आधीं खोबण पाडावी व तिच्या मापानें कुसूं तासावें, कारण कुसूं थोडें थोडें तासून बसवितां येतें, पण मोठी झालेली खोबण लहान होत नाहीं.

हें सर्व लिहून सांगतां येतें तेवढें आम्हीं सांगितलें. परंतु हाताची विद्या हाताकडूनच घ्यावी लागते. त्यासाठीं गांवांतील जाणत्या सुताराकडे जावें. बलुतेदारींत सुताराचें स्थान मोठें होतें; त्याच्यावांचून पेरणी अडत असे, आणि कुणबी त्याला खळ्यावर धान्य देत. आपल्या घरांनीं मात्र त्याला ओट्याखालीं उभें करून ‘अरे’ म्हणूनच हांक मारली. आतां त्याच कारागिराला ‘अहो मिस्त्री’ म्हणून घरांत बोलवावें, बसावयास पाट द्यावा, शिकवणीची दक्षिणा आगाऊ हातीं ठेवावी, आणि नातवंडांसह आपण त्याच्यासमोर शिष्य म्हणून बसावें. या कारागिरांच्या मुलांपैकीं कित्येक आज दुसऱ्या धंद्यांत गेलीं आहेत. शिकणारा कोणी उरला नाहीं, तर ही विद्या त्या हातांबरोबरच जाईल.

मुली व सुना यांनाही यांतून वगळूं नये; पटाशीला धरणाऱ्याची जात वा लिंग समजत नाहीं, नीट धरलें कीं नाहीं तेवढेंच समजतें. पहिला पाट थोडा डुगडुगेल. तरी तो माळ्यावर टाकूं नये; पंक्तींत मांडावा, करणाऱ्यालाच त्यावर बसवावें, आणि दुसऱ्या दिवशीं त्याच्याकडून त्याच्या पट्ट्या सारख्या करवून घ्याव्या.