बादली ढगातून पडली नाही

डोंबिवलीत पाणी बंद असलं की आदल्या रात्रीच घरोघरी पिंप आणि बादल्या काठोकाठ भरून ठेवतात. हे दोन्ही शब्द पोर्तुगीज आहेत म्हटलं की आक्षेप ठरलेला: छे, बादली ‘बादल’वरून आली, पाण्याचा संबंध आहेच की!

संबंध गोड आहे, पण जुळवलेला. पोर्तुगीजांच्या ‘बाल्द’ची आपल्याकडे बालदी झाली, मग ल आणि द यांनी जागा बदलल्या आणि बादली झाली. बालदी अजूनही कानावर पडते. बादली म्हणजे हिंदी बाल्टीचा अपभ्रंश, हेही खरं नाही. बाल्टीचं मूळही तेच. पिंप म्हणजे त्यांचं दारू साठवायचं ‘पीपा’. अनुस्वार आपण दिला.

असले शब्द गोव्यातून आले, असंही सर्रास म्हणतात. पण १५३४ च्या तहाने वसई आणि साष्टी पोर्तुगीजांकडे गेली, आणि ठाणं १७३७ पर्यंत त्यांच्याकडेच होतं. त्यांनी ठाण्यात बांधायला घेतलेला किल्ला मराठ्यांनी जिंकला. आज तिथे मध्यवर्ती कारागृह आहे. कल्याणवर मात्र त्यांचं राज्य बसलं नाही. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये ते घेतलं ते आदिलशाहीकडून. तरी चावी, परात हे त्यांचे शब्द कल्याणच्या घरातही आहेतच. शब्दांना जकात नाक्यावर कोण अडवणार?

सगळ्यात चिवट समज पावाचा. पीठ पायाने तुडवतात म्हणून पाव! कुठे तुडवत असतील, नसतील. नाव त्यावरून पडलेलं नाही. पोर्तुगीजात ब्रेडला नाकातून ‘पांव’ म्हणतात, तोच हा. पाव किलोतला पाव वेगळा, तो संस्कृत ‘पाद’ म्हणजे चौथ्या हिश्शावरून आला. वडापावात बाहेरचा पाव आणि आतला बटाटा, दोघंही पोर्तुगीजांमार्फत आले. मार्फतच म्हणायचं, कारण ‘बटाटा’ हा शब्द मूळचा कॅरिबियन बेटांवरच्या लोकांचा, आणि तिथे त्याचा अर्थ होता रताळं.

एकदा हा नाद लागला की मग प्रत्येक वस्तू परदेशी वाटू लागते. कपाट इंग्रजी कबर्डवरून आलं, असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. कपाट संस्कृत आहे, मूळ अर्थ दाराची फळी. कबर्डशी साम्य निव्वळ योगायोगाचं. मेजाबाबत तर पोर्तुगीज ‘मेझा’ आणि फारसी ‘मेझ’ दोघेही हक्क सांगतात.